जुन्या शहराची मूक फिल्म कशी वाचावी

सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून १९०६ साली धावणाऱ्या एका केबल ट्रामच्या पुढच्या बाजूला माइल्स बंधूंनी कॅमेरा बसवला आणि आठव्या रस्त्याच्या आसपासपासून खाडीकाठच्या फेरी बिल्डिंगपर्यंतचा प्रवास फिल्मवर टिपला. फिल्म सुमारे तेरा मिनिटांची आहे. तिच्यात कथा नाही, निवेदन नाही. घोडागाड्या, मोटारी, सायकली, रूळ ओलांडणारे पादचारी आणि कॅमेऱ्याकडे वळून पाहणारी मुले एवढाच ऐवज आहे. कित्येक वर्षे ही फिल्म सप्टेंबर १९०५ची म्हणून नोंदलेली होती. कॅलिफोर्नियातील नाइल्स येथील मूकपट संग्रहालयाचे इतिहासकार डेव्हिड कीन यांनी रस्त्यावरची पाण्याची डबकी, मोटारींचे क्रमांक आणि त्या काळातील वृत्तपत्रे यांची सांगड घालून ती एप्रिल १९०६ची, म्हणजे १८ एप्रिलच्या भूकंपाच्या अवघ्या काही दिवस आधीची असल्याचे दाखवून दिले. पडद्यावर जे शहर आपण पाहतो ते काही दिवसांतच कोसळले आणि जळाले, हे त्यामुळे कळले.

तारखेचा हा शोध मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यासाठी लागलेला पुरावा फिल्ममध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होता. अशा फिल्मकडे हळहळून पाहणे सोपे असते. ती कागदपत्रासारखी वाचण्यासाठी मात्र थोडी शिस्त लागते. ती शिस्त कशी लावून घ्यावी, हे याच फिल्मच्या आधाराने पुढे सांगितले आहे. एका फिल्मसाठी तीन-चार संध्याकाळ, एक वही, पेन्सिल आणि त्या शहराचा जुना नकाशा एवढी तयारी पुरेशी होते.

पहिले काम : प्रत निवडणे

एकाच फिल्मच्या अनेक प्रती आंतरजालावर फिरत असतात आणि त्यांतील बऱ्याच अभ्यासासाठी निरुपयोगी असतात. रंग भरलेली, चित्र अतिशय स्पष्ट केलेली, सेकंदाला साठ चौकटींनी (फ्रेमनी) सुळसुळीत धावणारी प्रत आधी बाजूला ठेवावी. मूळ फिल्मवर सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी असतात; उरलेल्या चौकटी संगणकाने दोन खऱ्या चौकटींच्या मधे अंदाजाने घातलेल्या असतात. चेहऱ्यांचे बारकावे आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरेही अशा प्रतीत बदललेली असू शकतात. रंगांचे तर काही खरेच नसते. त्या काळची फिल्म निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती, त्यामुळे आकाश कोरे पांढरे दिसते आणि लाल वस्तू काळी दिसते. पडद्यावर काळा दिसणारा फेटा, झगा किंवा गाडीचा पत्रा मुळात कोणत्या रंगाचा होता, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. म्हणून अभ्यासासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या किंवा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरील प्रत घ्यावी आणि नंतर कोणी जोडलेले संगीत किंवा रस्त्याचे आवाज बंद करावेत. घोड्यांच्या टापांचा आवाज कानावर पडला की डोळेही नकळत घोड्यांकडेच जातात.

प्रत कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आली, हेही नोंदवावे. अमेरिकेत १९१२पर्यंत स्वामित्व हक्काच्या कायद्यात चलचित्राला स्वतंत्र स्थान नव्हते, म्हणून निर्माते प्रत्येक चौकट कागदाच्या लांब पट्टीवर छायाचित्र म्हणून छापून नोंदणीसाठी जमा करत. मूळ, सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळून किंवा सडून गेल्या, पण या कागदी पट्ट्या टिकल्या, आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांच्या पहिल्या दशकातील कितीतरी फिल्म आज त्यांच्यामुळेच पाहता येतात. अशा प्रतीत चित्र खरखरीत आणि किंचित हलते असते. तो दोष कागदाचा आहे. मूळ छायाचित्रणाला त्याबद्दल नावे ठेवू नयेत.

दुसरे काम : वेग तपासणे

माझ्या पहिल्या टिपणवहीत एक वाक्य आहे : 'त्या काळची माणसे फार घाईत चालत.' ते वाक्य पूर्ण चुकीचे होते. माझ्या हातातली प्रत चुकीच्या वेगाने चढवलेली होती आणि मी ती तपासली नव्हती. तेव्हापासून वेग तपासल्याशिवाय मी एकही निरीक्षण लिहीत नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला साधारणपणे आठ चौकटी पुढे सरकत आणि छायाचित्रकार सेकंदाला दोन फेरे देई, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटी आणि एक फूट फिल्म. संग्रहालयाच्या नोंदीत फिल्मची लांबी फुटांत दिलेली असेल, तर तेवढेच सेकंद ती चालली पाहिजे. समजा, नोंदीत ३०० फूट लिहिले आहे आणि तुमची प्रत २०० सेकंदांत संपते. ३००ला १६ने गुणून २००ने भागले की २४ येतात. याचा अर्थ कोणीतरी ती बोलपटाच्या वेगाने चालवली आहे आणि तुम्ही सगळे दीडपट वेगाने पाहत आहात. अशा वेळी प्लेयरचा वेग सुमारे ०.६७वर आणावा.

लांबीची नोंद नसेल तर माणसांकडे पाहावे. रमतगमत नव्हे, पण घाईतही नव्हे, असा चालणारा माणूस मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावले टाकतो. चौकटीत निदान दहा सेकंद राहणारा एखादा पादचारी शोधावा आणि त्याची पावले मोजावीत. मार्केट स्ट्रीटच्या फिल्मवर आणखी एक पडताळा घेता येतो. आठव्या रस्त्यापासून फेरी बिल्डिंगपर्यंतचे अंतर नकाशावर अडीच किलोमीटरहून थोडे अधिक भरते. ते बारा-तेरा मिनिटांत कापले गेले, म्हणजे ट्रामचा वेग ताशी बारा-तेरा किलोमीटर होता, आणि जमिनीखालच्या अखंड फिरणाऱ्या दोराला धरून चालणाऱ्या ट्रामला तो शोभतो. हाताने फिरवलेला कॅमेरा घड्याळासारखा समान चालत नाही, तेव्हा मधूनमधून थोडा फरक दिसला तर गोंधळू नये.

तिसरे काम : एकदा नुसते पाहणे

पहिल्या वेळी फिल्म थांबवू नये, मागे नेऊ नये, लिहू नये. संपल्यावर मात्र लगेच, पुन्हा न पाहता, लक्षात राहिलेल्या गोष्टी वहीत उतरवाव्यात. ही यादी पुढे उपयोगी पडते, कारण आपली नजर आपोआप कुठे जाते आणि काय सोडून देते, ते तिच्यातून कळते. बहुतेकांच्या यादीत मोटारी असतात, टोप्या असतात आणि थोडक्यात वाचलेला पादचारी असतो. रस्त्याचा पृष्ठभाग जवळजवळ कोणाच्याच यादीत नसतो.

चौथे काम : कॅमेरा नकाशावर बसवणे

जुना नकाशा उघडून कॅमेऱ्याची जागा आणि दिशा पेन्सिलीने आखावी. अमेरिकन शहरांसाठी सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविमा नकाशे फार कामाचे आहेत, कारण विम्यासाठी काढलेल्या त्या नकाशांत प्रत्येक इमारतीचा आकार, मजले आणि बांधकामाचे साहित्य नोंदलेले असते.

मार्केट स्ट्रीट नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो आणि कॅमेरा ईशान्येकडे तोंड करून आहे. उजव्या हाताला क्रमांकाचे रस्ते येऊन मिळतात आणि ते उतरत्या क्रमाने जातात. डाव्या हाताला नावांचे रस्ते. पॉवेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर डावीकडे फ्लड बिल्डिंग येते, मग उजवीकडे एम्पोरियम हे मोठे दुकान, पुढे तिसऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर घुमट असलेली उंच कॉल बिल्डिंग, तिच्या जवळच डावीकडे लोटाचे कारंजे, आणि त्यानंतर उजवीकडे पॅलेस हॉटेल. समोर पहिल्यापासून एक उंच मनोरा धूसर दिसत असतो, तो फेरी बिल्डिंगचा. या खुणांसमोर फिल्ममधील मिनिट आणि सेकंद लिहून ठेवावेत. एवढे झाले की फिल्ममधील कोणत्याही क्षणाला पत्ता मिळतो आणि कोणत्याही माणसाबद्दल 'हा अमुक चौकात रस्ता ओलांडत होता' असे ठामपणे म्हणता येते.

स्थिर कॅमेऱ्याच्या फिल्मसाठीही हीच रीत वापरावी. चलचित्राचे आद्य प्रयोगकर्ते लुई ल प्रिन्स यांनी १८८८ साली इंग्लंडमधील लीड्सच्या पुलावरील रहदारी टिपली, तिच्या आज थोड्याच चौकटी उरल्या आहेत. पण पुलाचा कठडा आणि समोरच्या इमारती यांच्यावरून कॅमेरा पुलाच्या कोणत्या टोकाला, किती उंचीवर होता, हे काढता येते.

पाचवे काम : वेळ आणि ऋतू ओळखणे

सगळ्या पद्धतीत मला या पायरीवर सर्वांत जास्त रमायला होते. सावल्यांपासून सुरुवात करावी. कॅमेरा ईशान्येकडे पाहत असताना सूर्य पाठीमागे असेल, म्हणजे नैर्ऋत्येला, तर सावल्या कॅमेऱ्यापासून दूर, रस्त्याच्या दिशेने पडतील आणि वेळ दुपारनंतरची असेल. सकाळी तोच सूर्य उजव्या अंगाला असता. सावलीची लांबी वस्तूच्या उंचीशी ताडून पाहिली की सूर्य किती वर होता, हे कळते, आणि वेळेचा अंदाज असेल तर त्यावरून ऋतूपर्यंतही पोहोचता येते.

मग जमिनीकडे पाहावे. मार्केट स्ट्रीटवर रुळांच्या आजूबाजूला पाणी साचलेले दिसते. मुंबई-पुण्याच्या वाचकाला सप्टेंबरमध्ये डबकी दिसण्यात काही वावगे वाटणार नाही, आणि नेमकी तिथेच आपली सवय आपल्याला फसवते. सॅन फ्रान्सिस्कोचा पाऊस हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला पडतो. तिथला उन्हाळा आणि सप्टेंबर जवळजवळ कोरडा जातो. डबक्यांमुळे जुनी तारीख डळमळीत झाली ती यामुळेच. कीन यांनी पुढे वृत्तपत्रांतील हवामानाच्या नोंदी पाहिल्या आणि पाऊस केव्हा पडून गेला होता, ते तपासले. तुम्ही ज्या शहराची फिल्म पाहत असाल, त्या शहराचा पावसाळा कोणत्या महिन्यांत असतो, हे आधी शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

त्यानंतर अक्षरे वाचावीत : दुकानांच्या पाट्या, नाटकांच्या जाहिराती, गाड्यांवरचे क्रमांक, मनोऱ्यावरचे घड्याळ. एका मोटारीचा क्रमांक १९०६च्या सुरुवातीला नोंदला गेला होता, असे निघाले, आणि मग १९०५ची शक्यताच संपली. यूट्यूबवर फिल्म थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक चौकट पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे येते. व्हीएलसी प्लेयरमध्ये 'ई' ही कळ एकेक चौकट पुढे नेते. पाटीवरचे एखादे अक्षर दहापैकी नऊ चौकटींत पुसट असते आणि एकीत स्पष्ट दिसते. ती चौकट मिळेपर्यंत कळ दाबत राहावे.

जे दिसत नाही त्याचीही नोंद ठेवावी. मार्केट स्ट्रीटच्या ट्राम जमिनीखालच्या दोरावर चालत, म्हणून दोन रुळांच्या मधे एक अरुंद खाच दिसते आणि रस्त्याच्या लांबीवर डोक्यावरची ट्रामची तार दिसत नाही. आगीनंतर या रस्त्यावर विजेच्या ट्राम आल्या आणि त्यांच्याबरोबर तारा आल्या. त्यामुळे या रस्त्याचे कोणतेही बिनतारखेचे चित्र हाती आले, तरी आधी वर पाहायचे.

सहावे काम : एका माणसामागे जाणे

आता फिल्म तुकड्यातुकड्यांनी पाहावी आणि प्रत्येक वेळी एकच माणूस किंवा एकच वाहन धरावे. ते चौकटीत कुठून आले, किती वेळ राहिले, कोणाला वाट दिली, कोणाची अडवली, कुठून बाहेर पडले, एवढेच लिहावे. असे पंधरा-वीस जणांबाबत केले की रस्त्याचे नियम आपोआप उलगडू लागतात. इथे पादचारी कुठेही रूळ ओलांडतो, घोडागाडी ट्रामच्या पुढ्यात शिरते, मोटार दोघांना वळसा घालते. रस्त्याच्या मध्यभागावर मोटारीची मालकी अजून प्रस्थापित झालेली नाही. चालणाऱ्याचा रस्त्यावरचा हक्क कसा होता आणि तो पुढे कसा गेला, याचा इतका बोलका पुरावा लेखी कागदात क्वचितच मिळतो.

याच कामात एक मोठी गोष्ट हाती लागते. मोटारींचा पाठपुरावा करताना लक्षात येते की त्याच त्या मोटारी पुन्हापुन्हा येतात : ट्रामला मागे टाकून पुढे जातात, वळतात आणि थोड्या वेळाने पुन्हा दिसतात. माइल्स बंधूंनी रस्ता गजबजलेला दिसावा म्हणून ती व्यवस्था केली असावी, असे अभ्यासकांना वाटते आणि मलाही ते पटते. तेव्हा 'त्या काळी या रस्त्यावर किती मोटारी होत्या' असे कोणी या फिल्मवरून मोजू लागले, तर त्याचा आकडा फुगलेला येईल. मोजायच्या असतील तर वेगवेगळ्या मोटारी ओळखून मोजाव्यात.

सातवे काम : मांडणी किती, सहज किती

फिरणाऱ्या मोटारींमुळे ही फिल्म खोटी ठरत नाही. तिच्यातला कोणता भाग कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, एवढेच ठरते. हा विचार प्रत्येक शहरी फिल्मबाबत करावा लागतो. चलचित्राचे फ्रेंच प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांच्या १८९५च्या फिल्मच्या तीन आवृत्त्या आहेत आणि त्या एकमेकींपासून ओळखायची सोपी खूण म्हणजे घोडे : एकीत गाडीला एक घोडा, एकीत दोन, एकीत घोडागाडीच नाही. रोजचे साधे दृश्य म्हणून आपण जे पाहतो, ते पुन्हा पुन्हा करून घेतलेले होते. न्यूयॉर्कच्या तेविसाव्या रस्त्यावरील १९०१च्या एका फिल्ममध्ये तर खऱ्या रहदारीतून दोन नट चालत येतात आणि पदपथावरच्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने बाईचा झगा उडतो. आजूबाजूचा रस्ता अस्सल आहे आणि घटना रचलेली आहे.

१९२०च्या दशकातील शहरपटांना वेगळे माप लावावे लागते. वाल्टर रुटमान यांचा १९२७चा बर्लिनवरील चित्रपट पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस म्हणून मांडलेला आहे, पण त्याचे चित्रण अनेक महिने चालले होते. झिगा व्हेर्तोव यांच्या १९२९च्या चित्रपटात दिसणारे एक शहर मॉस्को, कीव्ह आणि ओडेसा अशा निरनिराळ्या शहरांचे तुकडे जोडून बनले आहे, आणि ते जोडण्यात संपादिका एलिझावेता स्विलोवा यांचा वाटा फार मोठा आहे. अशा फिल्मवर चौथ्या पायरीतला नकाशा एकसंध बसत नाही. तेथे प्रत्येक तुकडा सुटा धरावा आणि दोन तुकड्यांच्या क्रमावरून भूगोलाचा किंवा वेळेचा निष्कर्ष काढू नये.

आठवे काम : चेहरे

कोण कॅमेऱ्याकडे पाहतो, कोण पाहत नाही, कोण थांबतो, कोण टोपी काढतो, याची वेगळी यादी करावी. इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केन्यन यांच्या फिल्म यासाठी उत्तम आहेत. त्यांची सुमारे आठशे मूळ रिळे १९९४ साली एका जुन्या दुकानाच्या तळघरात धातूच्या पिंपांत भरलेली सापडली. गिरण्यांच्या दारातून बाहेर पडणारे शेकडो कामगार त्यांत दिसतात. या फिल्म जत्रेतल्या आणि सभागृहांतल्या खेळवाल्यांसाठी काढल्या जात आणि लोकांनी पैसे देऊन स्वतःलाच पडद्यावर पाहायला यावे, हा त्यांचा व्यवहार होता. म्हणून कॅमेरा तिथे चेहऱ्यांच्या उंचीवर, दाराच्या अगदी समोर असतो आणि गर्दी त्याच्या अंगावर येते. मार्केट स्ट्रीटच्या फिल्मला गर्दीतला प्रत्येक चेहरा नको होता, तिला वेग आणि गजबज हवी होती. फिल्म कोणाला दाखवून पैसे मिळवायचे होते, हे समजले की कॅमेरा तिथेच का उभा आहे, याचे अर्धे उत्तर मिळते.

नववे काम : फिल्मबाहेरचे कागद

वहीतली निरीक्षणे आता त्या आठवड्यातील वृत्तपत्रे, व्यापारी निर्देशिका आणि छायाचित्रे यांच्याशी ताडून पाहावीत. प्रत्येक विधानापुढे दोनपैकी एक खूण करावी : फिल्ममध्ये दिसले, की कागदात वाचले. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढे कोणालाच ती सोडवता येत नाही.

आपल्याकडे तर अनेकदा कागदच उरलेला असतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवल्या गेल्या. त्यानंतर काही वर्षांतच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादा यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांचे झालेले स्वागतही टिपले. त्या फिल्म आज पाहायला मिळत नाहीत. मुंबईच्या त्या गर्दीत कोण होते, सावल्या कुठे पडल्या होत्या, कोणी कॅमेऱ्याकडे वळून पाहिले, हे वाचण्यासाठी चौकटच उरलेली नाही, याची मला फार खंत वाटते. त्यामुळे ज्या शहरांच्या फिल्म उरल्या आहेत, त्या वाचण्यात हयगय करू नये, असे मला मनापासून वाटते.

शेवटचे काम : तोच रस्ता पुन्हा

भूकंप आणि आगीनंतर मार्केट स्ट्रीटवर पुन्हा चित्रण झाले. खुद्द माइल्स बंधूंनी घेतलेले सुमारे नऊ मिनिटांचे एक रीळ अनेक दशकांनी जुन्या बाजारात सापडले आणि आता ते पाहता येते. आपली वही उघडून, खुणांची तीच यादी समोर ठेवून, ही फिल्म पाहावी. ओळखीच्या प्रत्येक जागी थांबावे आणि आधीच्या नोंदीशेजारी दुसरी नोंद करावी. फ्लड बिल्डिंग जळाली पण उभी राहिली. कॉल बिल्डिंगचा सांगाडा आतून भाजून निघाला तरी कोसळला नाही. पॅलेस हॉटेल आगीत गेले. लोटाचे कारंजे टिकले. फेरी बिल्डिंगचा मनोरा पहिल्या फिल्ममध्ये इमारतींच्या दोन सलग रांगांमधून दिसत होता. दुसऱ्या फिल्ममध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना काय उरले आहे, ते चौकटीचौकटीने पाहावे आणि वहीतल्या त्याच पानावर लिहावे.